सड शिरते शेतात, दिसते चाळीत

(नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कांद्याविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे चर्चा भावापासून सुरू होते आणि भावापाशीच संपते. ते स्वाभाविकही आहे. २०१९, २०२० आणि २०२३ या तिन्ही वर्षी निर्यातबंदीचे घाव या परिसराने सोसले आहेत. निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले, तेव्हा आपण सुटकेचा श्वास घेतला. या प्रश्नांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु जो कांदा लिलावापर्यंत पोहोचतच नाही, त्याला कितीही भाव मिळाला तरी उपयोग काय? आज मला त्या न पोहोचणाऱ्या कांद्याविषयी बोलायचे आहे.

थोडा हिशेब मांडू. देशाच्या वार्षिक उत्पादनात निम्म्याहून बराच अधिक वाटा रब्बीचा, म्हणजे आपल्या उन्हाळी कांद्याचा असतो. एप्रिल-मेमध्ये निघणारा हाच कांदा खरिपाचा नवा माल येईपर्यंत देशाला पुरवावा लागतो. चार-सहा महिन्यांच्या साठवणीत तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत घट होते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. समजा, शंभर क्विंटल चाळीत भरला आणि पासष्ट क्विंटल बाहेर आला. भरताना क्विंटलला हजार रुपये भाव असेल, तर केवळ तेवढीच रक्कम हाती पडण्यासाठी पुढे सुमारे १,५४० रुपये भाव मिळावा लागेल. निवडणीची मजुरी आणि कर्जावरील व्याज यात धरलेलेच नाही. म्हणजे भाव दीडपट झाला तरी साठवणारा शेतकरी होता तिथेच राहतो.

या घटीचे तीन भाग आहेत. कांद्यातील पाणी उडून जाणे, कोंब फुटणे आणि सडणे. पाणी उडणे काही प्रमाणात अटळ आहे. कोंब रोखण्यासाठी लासलगावला विकिरण केंद्र आहे. परंतु तेथे दिल्या जाणाऱ्या अल्प मात्रेने कोंब थांबतो, सड थांबत नाही, हे लक्षात घ्यावे. तिसरा भाग सडीचा, आणि तोच सर्वांत घातक, कारण तो पसरतो. एक नासका कांदा आजूबाजूच्या दहा कांद्यांना ओल देतो आणि त्या ओलीवर बुरशी वाढते.

शत्रू एक नाही, अनेक आहेत

‘कांदा सडला’ या दोन शब्दांत आपण अनेक वेगवेगळे रोग एकत्र बांधतो आणि मग दुकानात जाऊन ‘सडीचे औषध द्या’ असे म्हणतो. चूक तेथून सुरू होते.

रोपवाटिकेत रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात, ती रोपमर. तिच्यामागे बहुधा पिथियम, फ्युजेरियम किंवा रायझोक्टोनिया असते. शेतात पात शेंड्याकडून पिवळी पडते, झाड ओढले की सहज हातात येते, मुळे गुलाबी-तपकिरी होऊन झडलेली असतात आणि कांद्याच्या तळाशी पांढरी बुरशी दिसते, ती फ्युजेरियमची मूळकूज. जमिनीचे तापमान २८ ते ३२ अंश सेल्सिअस असताना ती जोर धरते. ओल्या, उबदार जमिनीत कांद्याभोवती कापसासारखी वाढ आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम रोल्फसाय या बुरशीची सड. दुसरी एक बुरशी थंड जमिनीत पांढरी सड घडवते. तिचे दाणे खसखशीएवढे आणि काळे असतात, आणि ते मातीत वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतात. वीस वर्षे! वडिलांच्या हातून आलेला दाणा मुलाच्या हयातीत पिकावर उठू शकतो.

चाळीत चित्र बदलते. बाहेरच्या सालीखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते, ती ॲस्परजिलस नायजर. आपल्या उष्ण हवेत साठवणीतील प्रमुख शत्रू हाच. तीस अंशांच्या आसपास तापमान आणि ऐंशी टक्क्यांवर आर्द्रता त्याला मानवते. थंड देशांत बोट्रायटिसमुळे होणारी मानकूज अधिक त्रास देते. आणि कांदा दाबला असता आतून चिकट, दुर्गंधीयुक्त पाणी आले, तर ती जिवाणूजन्य सड होय. तिच्यावर कोणतेही बुरशीनाशक चालत नाही. तेथे खर्च केलेला प्रत्येक रुपया पाण्यात जातो.

म्हणून पहिला नियम असा की, औषध घेण्यापूर्वी झाड उपटा, कांदा उभा चिरा आणि सड कोठून सुरू झाली ते पाहा. तळाकडून, मानेकडून की बाहेरच्या सालीकडून? एवढ्या तपासणीने निम्मे निदान होते. शंका राहिली तर नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जावे. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आणि चितेगाव फाट्यावरील राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे केंद्र आपल्यापासून फार दूर नाहीत.

औषध पोहोचते कोठे?

आता दुसरा प्रश्न. योग्य औषध घेतले तरी ते रोगाच्या जागी पोहोचते का?

बुरशीनाशकांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. थायरम, कॅप्टन, मॅन्कोझेब, ताम्रयुक्त औषधे ही स्पर्शजन्य. जेथे पडतील तेथेच राहतात आणि बुरशी आत शिरण्यापूर्वी पहारा देतात. कार्बेन्डाझिमसारखी औषधे आंतरप्रवाही. ती वनस्पतीच्या अंगात शिरतात. परंतु ‘अंगात शिरतात’ याचा अर्थ सर्वत्र पोहोचतात असा नाही. वनस्पतीत ती पाण्याच्या प्रवाहाबरोबर खालून वर जातात. पानावर पडलेले कार्बेन्डाझिम खाली उतरून मुळाशी जात नाही.

या एका गोष्टीत आपल्या अपयशाचे मोठे कारण दडलेले आहे. मूळकूज तळाशी असते आणि आपण पाठीवर पंप घेऊन पात धूत असतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! मुळाच्या रोगाला औषध मुळाशीच दिले पाहिजे. ते बियाण्याला लावून, रोपांची मुळे बुडवून किंवा आळवणी करून देता येते.

औषध आणि बुरशी यांची जोडीही जुळावी लागते. रोपमर घडवणारी पिथियम शास्त्रीय दृष्टीने खऱ्या बुरशीच्या वर्गात मोडत नाही; तिच्यावर कार्बेन्डाझिम परिणाम करीत नाही, तेथे मेटॅलॅक्झिलच्या वर्गातील औषध लागते. पातीवरील जांभळा करपा अल्टरनेरियामुळे होतो. त्यावरही कार्बेन्डाझिमचा भरवसा धरता येत नाही, तेथे मॅन्कोझेब किंवा ट्रायझोल वर्गातील औषधे उपयोगी पडतात. एकच पुडी सर्व दुखण्यांवर चालत नाही, हे घरातील औषधांच्या डब्याबाबत आपल्याला कळते. शेतीतही ते कळले पाहिजे.

इंग्लंडमधील एक धडा

येथे एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमध्ये साठवलेल्या कांद्याची मानकूज ही मोठी डोकेदुखी होती. सड कोठारात दिसत असल्याने दोष कोठाराचा, असा समज होणे सोपे होते. वेल्सबर्न येथील संशोधन केंद्रातील मॉड आणि प्रेस्ली या शास्त्रज्ञांनी रोगाचा माग उलट्या दिशेने काढला आणि १९७७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बुरशी बियाण्यातूनच येत होती. ती रोपाबरोबर वाढे, संपूर्ण हंगामात कोणतेही लक्षण न दाखवता पातीतून मानेत उतरे आणि कोठारात गेल्यावर प्रकट होई. पेरणीपूर्वी बियाण्याला बेनोमिलची प्रक्रिया केल्यावर महिनोन् महिन्यांनंतरची साठवणीतील सड कमी झाली.

आपली हवा वेगळी, आपला शत्रूही वेगळा; म्हणून तो उपाय जसाच्या तसा उचलायचा नाही. पण त्यामागील विचार उचलण्यासारखा आहे. जी सड ऑगस्टमध्ये चाळीत दिसते, तिचा बंदोबस्त नोव्हेंबरमध्ये बियाणे हातात असतानाच सुरू करावा लागतो. चाळीत वास सुटल्यावर धावपळ करणे म्हणजे बैल गेल्यावर झोपा करणे होय.

बियाण्यापासून चाळीपर्यंत

आता क्रमाने उपाय पाहू.

बियाणे : पेरणीपूर्वी प्रतिकिलो बियाण्यास थायरम २ ते ३ ग्रॅम चोळावे. ज्यांना जैविक मार्ग घ्यायचा आहे, त्यांनी ट्रायकोडर्मा वापरावे. परंतु ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपकारक बुरशी आहे. ती आणि कार्बेन्डाझिम एकाच वेळी देऊ नये. औषध आपल्याच सैनिकाला मारते.

रोपवाटिका : सपाट वाफ्याऐवजी १० ते १५ सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत. पाणी मुळाशी साचले नाही की रोपमरीचा पायाच निघून जातो. शेणखत पूर्ण कुजलेले असावे आणि त्यात ट्रायकोडर्मा मिसळावे. शक्य असेल तेथे एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाफ्याची जागा ओलवून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकून ठेवावी. सूर्याच्या उष्णतेने मातीतील बुरशीचा मोठा भाग नष्ट होतो. हे औषध फुकट आहे आणि त्याचा अंश कांद्यात उतरत नाही.

पुनर्लागवड : दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम कार्बेन्डाझिम (५० टक्के भुकटी) मिसळून त्या द्रावणात रोपांची मुळे दोन तास बुडवावीत आणि मगच लागवड करावी. उपाय स्वस्त आहे. औषध थेट रोगाच्या जागी पोहोचते आणि तेथून प्रवाहाबरोबर वर जाते. मात्र लावणी करणाऱ्या, बहुधा आपल्या माता-भगिनी असलेल्या मजुरांचे हात दिवसभर त्या रोपांत असतात. त्यांना हातमोजे देणे हा उपकार नाही, कर्तव्य आहे.

शेत : ज्या तुकड्यात मूळकूज आली, तेथे निदान तीन-चार वर्षे कांदा किंवा लसूण लावू नये, गहू, बाजरी, मका अशी तृणधान्ये घ्यावीत. कांद्यावर कांदा घेत राहणे म्हणजे बुरशीला घरपोच शिधा पुरवणे होय. खुरपणी करताना कांद्याच्या तळाला इजा होऊ देऊ नये. फ्युजेरियमला आत शिरायला ओरखडाही पुरतो. पुनर्लागवडीनंतर साठ दिवसांनी नत्र देऊ नये. उशिरा दिलेल्या युरियाने पात हिरवीगार दिसते, पण मान जाड राहते, ती सुकत नाही आणि त्याच दारातून सड आत येते.

काढणी : काढणीपूर्वी दहा ते पंधरा दिवस पाणी तोडावे. वजन वाढावे म्हणून शेवटच्या आठवड्यात दिलेले पाणी चाळीत दामदुपटीने वसूल होते. काढणीच्या सुमारे पंधरा ते वीस दिवस आधी कार्बेन्डाझिमची एक फवारणी करण्याची शिफारस साठवणीतील सडीसाठी केली जात आली आहे. परंतु वेष्टनावरील सूचना आणि फवारणी ते काढणी यांतील बंधनकारक कालावधी पाळूनच ती करावी. साधारण निम्म्या झाडांच्या माना पडल्या की कांदा काढावा. तीन ते पाच दिवस शेतात अशा रीतीने सुकवावा की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल. नंतर दोन ते अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत पातळ थर देऊन सुकवावा.

ही सुकवणी इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर १९२० च्या दशकात अमेरिकेत वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. रंगीत कांद्याच्या कोरड्या बाहेरच्या सालीत प्रोटोकॅटेच्युइक आम्ल आणि कॅटेकॉल ही बुरशीविरोधी द्रव्ये असतात. कांद्यावर डाग पाडणाऱ्या एका बुरशीला ती सालीवरच अडवतात. पांढऱ्या कांद्यात ही ढाल नसते. म्हणजे लाल कांद्याला निसर्गाने स्वतःचे बुरशीनाशक दिलेले आहे. ती द्रव्ये प्रत्येक बुरशीला रोखत नाहीत. काळी भुकटी सालीखाली वाढतेच. तरीही घट्ट, अखंड, कोरडी साल ही कांद्याची पहिली तटबंदी आहे. कच्चा काढलेला, फेकून आपटलेला, ओला भरलेला कांदा ही तटबंदी गमावून बसतो.

२०२५ च्या मे महिन्यात पूर्वमोसमी पावसाने महाराष्ट्राला झोडपले, तेव्हा काढून शेतात पडलेला कांदा जागोजागी भिजला. अशा वर्षी भिजलेला आणि कोरडा कांदा एकत्र करण्याचा मोह टाळावा. भिजलेला माल वेगळा ठेवून लवकर विकावा. थोडे नुकसान पत्करून मोठे वाचवणे, हाच तेथे शहाणपणा असतो.

चाळ : जुनी पात, माती आणि साली झाडून काढाव्यात व चाळीपासून दूर नष्ट कराव्यात. रिकाम्या चाळीचा तळ आणि बाजू यांवर बुरशीनाशक फवारून त्या पूर्ण वाळू द्याव्यात. तळ जमिनीपासून उंच असावा, थराची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि उंची पाच फुटांच्या आत असावी, म्हणजे हवा मधोमध खेळते. जोडकांदे, डेंगळे आलेले, जाड मानेचे आणि इजा झालेले कांदे भरूच नयेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. काही ठिकाणी भरलेल्या कांद्यावर औषधांची भुकटी टाकण्याची प्रथा दिसते. ती सर्वस्वी चुकीची आहे. तो कांदा कोणाच्या तरी ताटात कच्चा कापून वाढला जाणार आहे. रिकामी चाळ निर्जंतुक करणे वेगळे आणि खाण्याच्या कांद्यावर विष शिंपडणे वेगळे.

औषधाची मर्यादा

रासायनिक औषधांबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एकाला ती सर्व व्याधींवरचा रामबाण वाटतात, दुसऱ्याला ती संपूर्ण त्याज्य वाटतात. वस्तुस्थिती मध्ये आहे. रोपवाटिकेत चार ग्रॅम औषध वेळेवर वापरले, तर पुढे चार फवारण्या वाचू शकतात. पण तेच औषध वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा वापरले तर ते बोथट होते. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीविभाजनातील एकाच प्रथिनावर काम करते. त्या प्रथिनात लहानसा बदल झालेली बुरशी जगते, तिची प्रजा वाढते आणि औषध निरुपयोगी ठरते. म्हणून वेगवेगळ्या वर्गांतील औषधे आलटून-पालटून वापरावीत.

जगाचे नियमही कडक होत आहेत. युरोपीय संघात कार्बेन्डाझिमची मान्यता २०१४ मध्ये संपली, थायरमची २०१८ मध्ये काढून घेतली गेली आणि मॅन्कोझेबचे नूतनीकरण २०२० मध्ये नाकारले गेले. आपल्याकडील नियम वेगळे असले तरी ज्याला निर्यात करायची आहे त्याला खरेदीदार देशाच्या अंशमर्यादा पाळाव्याच लागतात. खरेदीपूर्वी ते औषध कांद्यासाठी मान्य आहे की नाही, हे वेष्टनावर वाचावे, चालू शिफारस विचारून घ्यावी आणि पक्की पावती घ्यावी.

ग्राहक कुटुंबांसाठी दोन शब्द

शहरातील भगिनी नेहमी विचारतात की, कांद्यावर काळी भुकटी दिसते, ती औषधाची का? नाही. ती बहुधा काळ्या बुरशीची असते. ती केवळ बाहेरच्या सालींवर असेल तर त्या काढून कांदा वाहत्या पाण्याखाली धुवावा आणि वापरावा. आत मऊपणा, वास किंवा काळेपणा गेला असेल तर तो कांदा टाकून द्यावा. घरात दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी ती भुकटी उडू देऊ नये. कांदे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत. जाळीच्या टोपलीत, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवावेत. शेतकऱ्याने चार महिने सांभाळलेला कांदा आपल्या घरी चार दिवसांत सडू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

एकट्याने होणारे काम नाही

शेवटचा मुद्दा. मातीतील बुरशीला बांध कळत नाही. ती पाटाच्या पाण्याबरोबर, ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलाबरोबर आणि सर्वांत अधिक विकत आणलेल्या रोपांबरोबर प्रवास करते. एकाने चार वर्षे फेरपालट पाळली आणि शेजाऱ्याने सडके कांदे ओढ्यात टाकले, तर दोघांचेही नुकसान ठरलेले. सडका माल पाटात, ओढ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकायचा नाही. तो खोल पुरायचा किंवा जाळायचा, एवढा नियम जरी गावाने एकमताने केला तरी मोठे काम होईल. गावातील चार-पाच जाणत्यांनी एकत्र गादीवाफ्यांवर रोपे तयार करावीत, रोप देताना कोणते औषध केव्हा दिले याची चिठ्ठी द्यावी. ज्याच्या शेतात रोग आला, त्याने तो लपवू नये. आणि त्याने सांगितल्यावर इतरांनी त्याला नावे ठेवू नयेत, मदतीला जावे. रोग लपतो तो बहुधा लाजेपोटी, आणि लपलेला रोग गावभर होतो.

भाव ठरवणे आज आपल्या हातात नाही. परंतु बियाण्याला औषध चोळणे, मुळे बुडवणे, वेळेवर पाणी तोडणे आणि कोरडा, निवडलेला कांदाच चाळीत भरणे हे संपूर्णपणे आपल्या हातात आहे. शंभरातले पस्तीस जातात त्याऐवजी वीस गेले, तरी उरलेले पंधरा क्विंटल एखाद्या घरातल्या मुलीच्या शिक्षणाचे वर्ष सावरू शकतात. येत्या हंगामात उळे विकत घेण्यासाठी बाहेर पडाल, त्याच दिवशी थायरमची पुडीही आणा. पुढच्या पावसाळ्यातली चाळ त्या दिवसापासूनच राखायची आहे.